वैविध्यावर काम करणारा मानसशास्त्रज्ञ संस्थेत नेमकं काय करतो?

एखाद्या संस्थेने वैविध्याच्या प्रश्नावर मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलावलं, की एचआरच्या डोक्यात बहुधा एक ठरलेलं चित्र असतं: सभागृह, स्लाइड्स, पूर्वग्रहांवर दोन तासांचं भाषण आणि शेवटी फीडबॅक फॉर्म. या क्षेत्रात मुरलेली व्यक्ती ही मागणी सहसा जशीच्या तशी मान्य करत नाही. ती आधी भरतीचे आकडे मागते, मग बढतीचे, मग गेल्या काही वर्षांत नोकरी सोडून गेलेल्यांची यादी. भाषणाचं पुढे बघू म्हणते.

माणसाच्या मनातले पूर्वग्रह एका दुपारी जात नाहीत. पण ते निर्णयात जिथून शिरतात त्या जागा बदलता येतात. मुलाखत कशी घेतली जाते, कामाचं वाटप कोण करतं, मीटिंगमध्ये पहिलं मत कोणाचं येतं, या त्या जागा. संस्थेच्या कामकाजाचा असा अभ्यास करून तिथल्याच लोकांच्या मदतीने ते सुधारण्याच्या शास्त्राला संघटना विकास म्हणतात. वैविध्याचा प्रश्न या शास्त्रात नंतर कधीतरी जोडला गेला असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात या शास्त्राची सुरुवातच त्या प्रश्नातून झाली.

1946 चा उन्हाळा

कर्ट लेविन हे बर्लिनमध्ये शिकवणारे ज्यू मानसशास्त्रज्ञ. नाझी सत्तेवर आल्यावर 1933 मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुढे एमआयटीत त्यांनी गटांच्या वर्तनावर संशोधन करणारं केंद्र उभं केलं. 1946 च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्याच्या आंतरवांशिक आयोगासाठी त्यांनी एक कार्यशाळा घेतली. वांशिक आणि धार्मिक भेदभावाविरुद्ध आपापल्या गावात काम करणाऱ्या लोकांना तयार करायचं होतं. न्यू ब्रिटन शहरातल्या शिक्षक महाविद्यालयात दिवसा गटचर्चा चालत, निरीक्षक टिपणं काढत आणि संध्याकाळी संशोधक त्या टिपणांवर आपसात बोलत बसत. एकदा काही प्रशिक्षणार्थींनी तिथे बसू द्यायची विनंती केली. लेविननी होकार दिला. आपल्याच वागण्याचं वर्णन ऐकताना एका सहभागी बाईंनी मध्येच हरकत घेतली, की हे असं घडलंच नाही. वाद चांगलाच रंगला आणि पुढच्या बैठकींना गर्दी वाढत गेली.

दिवसाच्या नेटक्या सत्रांपेक्षा या बैठकींत लोक जास्त शिकत आहेत, हे चालकांच्या लक्षात आलं. गटात आपण कसे वागलो, हे त्याच दिवशी आणि सगळ्यांसमोर ऐकायला मिळत होतं. लेविन फेब्रुवारी 1947 मध्ये वारले. त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातल्या बेथेल गावी त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पुढे नेली.

लेविननी 1946 मध्येच अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवर लिहिताना 'कृती संशोधन' मांडलं होतं: परिस्थिती तपासा, एक पाऊल टाका, काय झालं ते मोजा, त्यावरून पुढचं पाऊल ठरवा. आजचे सल्लागार याच चक्राला नवी नावं देऊन विकतात, ते असो. लेविन यांचा दुसरा मुद्दा मात्र आजही सर्रास विसरला जातो. बदल हवा असेल तर पुढे ढकलणारा जोर वाढवता येतो किंवा अडवणारा जोर कमी करता येतो. जोर वाढवला की ताण वाढतो आणि विरोधही. अडथळा काढला की तेवढाच बदल कमी ताणात होतो. सक्तीचं प्रशिक्षण हा पहिला प्रकार आहे.

वेगवेगळी माणसं एकत्र आली की काय होतं

वैविध्य असलेला गट चांगले निर्णय घेतो, हे वाक्य पोस्टरवर शोभतं. संशोधनाचं उत्तर इतकं सरळ नाही. चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही दिसलं: गटाकडे माहिती जास्त येते आणि गटात कुरबुरीही जास्त होतात. 2004 मध्ये व्हॅन क्निपेनबर्ग, डी ड्रू आणि होमन यांनी या दोन धाग्यांची सांगड घातली. वेगळेपणामुळे गटात नवी माहिती येते, पण सदस्य एकमेकांकडे 'आपले' आणि 'ते' म्हणून पाहू लागले तर ती माहिती टेबलावर येतच नाही.

टेबलावर का येत नाही, याचा एक जुना प्रयोग आहे. स्टॅसर आणि टायटस यांनी 1985 मध्ये विद्यार्थ्यांचे चार-चारांचे गट केले आणि तीन काल्पनिक उमेदवारांतून विद्यार्थी प्रतिनिधी निवडायला सांगितलं. उमेदवारांची माहिती अशी वाटली होती, की सगळ्यांची माहिती एकत्र केली तर एक उमेदवार उघड सरस ठरावा. पण त्याच्या जमेच्या बाजू चौघांत विखुरलेल्या होत्या, त्यामुळे एकेकट्याच्या कागदावर दुसराच चांगला दिसत होता. चर्चा करून गटांना खरा सरस उमेदवार सापडायला हवा होता. बहुतेकांना सापडला नाही. चर्चेत मुख्यतः तेच मुद्दे आले जे सगळ्यांना आधीच ठाऊक होते. जे एकालाच ठाऊक होतं ते निघालंच नाही, किंवा निघून विरून गेलं. वेगळी पार्श्वभूमी असलेला सदस्य नेमका याच अडचणीत असतो: त्याच्याकडची माहिती फक्त त्याच्याकडेच असते.

दुसरी गोष्ट भेगांची. लाउ आणि मर्निघन यांनी 1998 मध्ये मांडलं, की गटात किती वेगळेपण आहे यापेक्षा ते कसं रचलेलं आहे हे महत्त्वाचं. चौघांची टीम घ्या. दोन तरुण स्त्रिया, दोघी इंजिनिअर. दोन पन्नाशीचे पुरुष, दोघे विक्री विभागातले. वय, लिंग आणि काम या तिन्ही रेषा एकाच जागी पडतात. पहिला मतभेद झाला की टीम तिथेच दुभंगते. आता एक तरुण इंजिनिअर बाई, एक तरुण विक्रीतला पुरुष, एक पन्नाशीच्या विक्रीतल्या बाई आणि एक पन्नाशीचा इंजिनिअर पुरुष घ्या. आकड्यांत वैविध्य तेवढंच आहे, पण प्रत्येकाचं उरलेल्या प्रत्येकाशी काहीतरी एक सारखं आहे आणि भेग एका जागी पडत नाही. टीम बांधताना कागदावर दोन-तीन स्तंभ आखून हे पाहायला दहा मिनिटं लागतात. फार थोडे मॅनेजर ती देतात.

संख्येचाही परिणाम होतो. रोझाबेथ मॉस कँटर यांनी 1977 मध्ये एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या अभ्यासातून मांडलं, की एखाद्या गटाचं प्रमाण साधारण 15 टक्क्यांच्या खाली असेल तर त्यातली माणसं 'नमुना' बनतात. त्यांच्याकडे सतत लक्ष असतं, त्यांच्या चुका साऱ्या गटाच्या नावावर जातात आणि बाकीचे आपलं सारखेपण जास्तच मिरवू लागतात. म्हणून दहा विभागांत एकेक स्त्री विखरून ठेवायची आणि 'सगळीकडे प्रतिनिधित्व' म्हणायचं, हा उपाय दिसायला न्याय्य असला तरी त्या दहाही जणींना एकटं पाडतो.

आधी आकडे

कामाची सुरुवात करारापासून होते. कोणती माहिती मिळणार, ती कोण पाहणार, अहवाल कोणापर्यंत जाणार आणि निष्कर्ष अडचणीचे निघाले तर काय करायचं, हे लेखी ठरतं. शेवटचा मुद्दा वगळला तर अहवाल कपाटात जातो, हे जवळजवळ ठरलेलं.

मग भरतीचा रस्ता टप्प्याटप्प्याने मोजतात: अर्ज किती, छाननीत किती उरले, मुलाखतीला किती आले, निवड किती, रुजू किती. पुढे पहिली बढती आणि राजीनामे. प्रत्येक टप्प्यावर गटवार प्रमाण काढायचं. समजा 100 पुरुषांनी अर्ज केला आणि 40 निवडले गेले; 50 स्त्रियांनी केला आणि 12 निवडल्या गेल्या. प्रमाण 40 टक्के आणि 24 टक्के. 24 ला 40 ने भागलं की 0.6 येतं. अमेरिकेच्या 1978 च्या सरकारी मार्गदर्शक नियमांत हा भागाकार 0.8 च्या खाली गेला तर प्रक्रियेकडे बारकाईने पाहावं असा संकेत आहे. हा पुरावा नव्हे, इशारा आहे. पाचच स्त्रियांनी अर्ज केला असेल तर एकीच्या निवडीने प्रमाण 20 टक्क्यांनी हलतं, तिथे या भागाकाराला अर्थ उरत नाही. तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र करावे लागतात.

एकूण आकडा फसवूही शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या 1973 च्या पदव्युत्तर प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी सुमारे 44 टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे 35 टक्के निवडले गेले होते. विभागवार पाहिल्यावर स्त्रियांविरुद्धचा कल जवळपास नाहीसा झाला. स्त्रियांचे अर्ज मुळात जिथे सगळ्यांनाच प्रवेश कठीण अशा विभागांत जास्त होते. याचा अर्थ प्रश्न नव्हता असा नाही. प्रश्न कोण कुठे अर्ज करतो या टप्प्यावर होता. तो टप्पा सोडून निवड समितीला प्रशिक्षण दिलं असतं तर काही हाती लागलं नसतं.

सर्वेक्षणात सर्वाधिक घोळ गुप्ततेचा होतो. पाचपेक्षा कमी उत्तरं असलेल्या गटाचा आकडा दाखवायचा नाही, ही प्रथा बहुतेकांना माहीत असते. वजाबाकी विसरली जाते. विभागाची 12 जणांची सरासरी दाखवली आणि त्यातल्या 9 पुरुषांचीही दाखवली, तर उरलेल्या तिघींची सरासरी कोणीही कागदावर काढू शकतो. लोकांना हे एकदा कळलं की पुढच्या वर्षी सगळेच 'समाधानी' असतात.

प्रश्नावलीत सहसा मानसिक सुरक्षिततेची मोजपट्टी असते, म्हणजे या टीममध्ये तोंड उघडलं तर माझं काही बिघडेल का, याची. एमी एडमंडसन यांनी 1999 मध्ये एका उत्पादन कंपनीतल्या 51 टीम्सच्या अभ्यासात ती वापरली. सात विधानं आहेत. त्यांतल्या एकात, टीममधले लोक कधीकधी कोणाला तो वेगळा आहे म्हणून दूर ठेवतात का, हेच विचारलं आहे. सातपैकी तीन विधानं उलट्या अर्थाची आहेत. बेरजेआधी त्यांचे गुण उलटवावे लागतात. घाईत ते राहून जातं आणि मग सर्वांत भेदरलेली टीम आणि सर्वांत मोकळी टीम यांचे आकडे जवळजवळ सारखे दिसतात.

आकड्यांमागचं कारण बोलण्यातून कळतं. त्यासाठी सहा ते आठ जणांच्या बैठका घेतात, आणि साहेब व त्यांच्या हाताखालचे एका खोलीत कधीच बसवत नाहीत. 'तुमच्यावर अन्याय होतो का' असं विचारलं तर उत्तर नाही असंच येतं. 'गेल्या महिन्यात महत्त्वाचं काम कोणाला मिळालं आणि ते कसं ठरलं' असं विचारलं की माणसं बोलतात.

बदल कुठे करायचा

सगळ्यांत हमखास परिणाम देणारी जागा म्हणजे मुलाखत. मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा आखीव मुलाखत पुढच्या कामाचा अंदाज जास्त चांगला देते, हे अनेक दशकांच्या संशोधनात दिसलं आहे. आखीव म्हणजे काय, तर आधी त्या पदावरच्या कामाचा अभ्यास करून पाच-सहा गुण ठरवायचे. प्रत्येकासाठी एक-दोन प्रश्न लिहायचे आणि ते सर्व उमेदवारांना त्याच क्रमाने विचारायचे. एक ते पाच गुणांपैकी 1, 3 आणि 5 ला कसं उत्तर शोभेल हे आधीच लिहून ठेवायचं. 'ग्राहक चिडला तेव्हा तुम्ही काय केलंत' या प्रश्नाला 'शांत राहिलो' एवढंच आलं तर 1. आपण काय पावलं उचलली ते सांगितलं तर 3. पावलं सांगून पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय बदललं हेही सांगितलं तर 5. गुण प्रश्नागणिक, तिथल्या तिथे लिहायचे. पॅनेलमधल्या प्रत्येकाने आपला तक्ता भरून झाल्यावरच चर्चा सुरू करायची.

हे सगळं करूनही ते कुठे फसतं? तक्ता चर्चेनंतर भरला जातो. ज्येष्ठ सदस्य दारातच 'हा मुलगा बरा वाटला' म्हणतात आणि उरलेले त्या मताला शोभतील असे गुण लिहितात. किंवा गुणांच्या यादीत 'आपल्यात मिसळेल का' असा एक स्तंभ शिरतो. त्या एका स्तंभात मावेल तेवढा पूर्वग्रह उरलेल्या पाच स्तंभांत मिळूनही मावत नाही. त्याऐवजी मिसळणं म्हणजे प्रत्यक्ष कोणतं वर्तन ते लिहायला लावावं, उदाहरणार्थ, काम अडलं की वेळेवर सांगणं. लिहिता आलं नाही तर स्तंभ काढून टाकावा.

मीटिंगमधला उपाय वर सांगितलेल्या प्रयोगातूनच निघतो. महत्त्वाच्या निर्णयाआधी पाच मिनिटं प्रत्येकाने आपले मुद्दे कागदावर लिहायचे, मग फिरत्या क्रमाने एकेक मुद्दा मांडायचा, आणि टीमप्रमुखाने शेवटी बोलायचं. कोणाकडे कोणत्या विषयाची खास माहिती आहे हे सुरुवातीलाच सर्वांना सांगितलं तर विखुरलेली माहिती बाहेर यायला आणखी मदत होते.

कामाच्या वाटपाकडे सहसा कोणी पाहत नाही. मीटिंगचं इतिवृत्त लिहिणं, निरोपसमारंभ आखणं, नव्या माणसाला जागा दाखवणं, या कामांतून बढती मिळत नाही, पण कोणीतरी ती करावीच लागतात. बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, स्त्री-पुरुष मिश्र गटांत अशा कामासाठी स्त्रियाच जास्त पुढे येत होत्या. गट फक्त स्त्रियांचा किंवा फक्त पुरुषांचा केला की हा फरक नाहीसा होत होता. म्हणजे आवड हे कारण नव्हतं. हे काम शेवटी कोण उचलेल याबद्दलची सगळ्यांची अपेक्षा हे होतं. उपाय अगदी रुक्ष आहे: 'कोण करणार?' असं विचारायचं नाही, पाळी लावायची.

माणसांना एकत्र आणण्याबद्दल गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये चार अटी सांगितल्या: दोन्ही गटांचा दर्जा सारखा असावा, ध्येय एक असावं, ते एकमेकांच्या मदतीनेच साधावं आणि वरिष्ठांचा उघड पाठिंबा असावा. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी 2006 मध्ये 515 अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतो आणि या अटी पाळल्या तर जास्त कमी होतो, असं त्यांत दिसलं. वार्षिक सहलीत बहुधा यातली एकही अट धड पुरी होत नाही. दोन विभागांतल्या लोकांनी मिळून, सारख्या अधिकाराने, ठरलेल्या तारखेला पुरा करायचा प्रकल्प मात्र चारही पुऱ्या करू शकतो.

आता प्रशिक्षणाबद्दल. कालेव, डॉबिन आणि केली यांनी 2006 मध्ये अमेरिकेतल्या 708 खासगी आस्थापनांची तीन दशकांची आकडेवारी तपासली. मॅनेजरांचे पूर्वग्रह कमी करण्यासाठीचं प्रशिक्षण आणि त्यांच्या मूल्यमापनात वैविध्याचा निकष घालणं, यांनी व्यवस्थापनातल्या प्रतिनिधित्वात सर्वांत कमी फरक पडला. मार्गदर्शक नेमण्यासारख्या उपायांचा परिणाम बेताचा होता. वैविध्याची जबाबदारी ठरावीक व्यक्तीवर किंवा समितीवर टाकली तिथे बदल सर्वांत ठळक होता, आणि जबाबदारीची अशी सोय असलेल्या ठिकाणी बाकीचे उपायही जास्त चालले. प्रशिक्षण टाकाऊ आहे असा याचा अर्थ काढायची गरज नाही. नवी मुलाखत पद्धत आणताना पॅनेलला तक्ता भरायला शिकवणं हेही प्रशिक्षणच आहे, आणि ते लागतं.

समितीत कोण आहे यावर बरंच अवलंबून असतं. फक्त एचआर आणि अल्पसंख्य गटातले उत्साही कनिष्ठ कर्मचारी असतील तर ती समिती दिवस साजरे करते. विभागप्रमुख असतील आणि दर तिमाहीला आपल्याच विभागाचे आकडे त्यांना वाचून दाखवावे लागत असतील, तर प्रश्न विचारले जातात.

मोजताना

सुरुवातीचे आकडे काम सुरू होण्याआधी घेतलेले असावेत. नंतर आठवणीने भरलेले चालत नाहीत. आखीव मुलाखत एका विभागात आधी आणि दुसऱ्यात सहा महिन्यांनी सुरू केली तर तुलनेला आयती सोय होते. भरतीतला फरक एक-दोन भरतीचक्रांत दिसू शकतो. बढतीतला दिसायला तितकी वर्षं लागतात जितकी त्या संस्थेत पहिल्या बढतीला लागतात. त्याआधी निष्कर्ष काढणं घाईचं.

तक्रारी वाढल्या की व्यवस्थापन घाबरतं, आणि तिथे प्राध्यापकांना बराच वेळ समजावण्यात घालवावा लागतो. एडमंडसन यांनी आधी रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास केला होता. चांगल्या टीम्समध्ये औषधांच्या चुका कमी नोंदलेल्या असतील अशी अपेक्षा होती. निघाल्या जास्त, कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. वैविध्याच्या कामात पहिल्या वर्षी वाढलेल्या तक्रारीही अशाच असू शकतात. ओळखायचं कसं? नुसत्या संख्येऐवजी त्यांचं स्वरूप पाहायचं. तक्रार लवकर येते आहे का, नाव लावून येते आहे का, आणि ती थेट टीमप्रमुखाकडे जाते की निनावी पेटीत? नाव लावून आणि लवकर येणाऱ्या तक्रारी वाढल्या, आणि त्याच काळात राजीनामे घटले, तर काम मार्गावर आहे. तक्रारी शून्यावर आल्या आणि राजीनामे तेवढेच राहिले, तर सोडून गेलेल्यांशी तीन महिन्यांनी फोनवर बोलावं. शेवटच्या दिवशी एचआरसमोर 'वैयक्तिक कारण' सांगणारी व्यक्ती तेव्हा बहुधा खरं कारण सांगते.